रॉयल ऑपेरा हाऊस, गिरगाव: वास्तू, आवाज आणि तिकीट काढण्याआधी

माइक न लावता गाणाऱ्या किंवा बोलणाऱ्या माणसाला ऐकायचं असेल, तर मुंबईत त्यासाठी जागा मोजक्याच उरल्या आहेत. माझ्या मते त्यांत पहिला नंबर गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाऊसचा. झुंबरं, सोनेरी नक्षी, लाल मखमलीच्या खुर्च्या हे सगळं तिथे आहे आणि ते पाहण्यासारखंही आहे. पण शंभर वर्षांपूर्वी ही इमारत ज्या कामासाठी बांधली, ते काम ती आजही करते का, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. करते, आणि चांगलं करते. कुठे कमी पडते तेही पुढे येईलच.

ज्यांना तिचा पूर्वेतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जायला हवं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मॉरिस बँडमन हा अमेरिकन वंशाचा नाट्यव्यावसायिक कलकत्त्यात तळ ठोकून होता. त्याच्या फिरत्या इंग्रजी संगीत-नाटक कंपन्या जिब्राल्टरपासून जपानपर्यंत बोटीने हिंडत. वाटेवरच्या प्रत्येक मोठ्या बंदरात त्याला हक्काचं थिएटर हवं होतं आणि मुंबई हे त्यातलं मोठं बंदर. कोळशाच्या दलालीत नाव कमावलेले जहांगीर फ्रामजी कराका हे पारशी गृहस्थ त्याला इथे भागीदार मिळाले. कल्पना १९०८ ची. १९११ साली दिल्ली दरबारासाठी आलेल्या पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा इमारत अजून अपुरीच होती. ती १९१२ मध्ये पुरी झाली, आणि सजावटीची किरकोळ कामं १९१५ पर्यंत चालली. नावातलं ‘रॉयल’ त्या राजाच्या भेटीमुळे आलं.

शैली बरोक, म्हणजे युरोपातली भरगच्च अलंकरणाची. इंग्लंडात त्या वेळी नवी थिएटरं अशाच धाटणीची होत होती, आणि मुंबईत फोर्टातलं एम्पायर १९०८ मध्येच अशा अलंकृत रूपात उभं राहिलं होतं. ऑपेरा हाऊसच्या दर्शनी भागात खांब, कमानी, कठडे आणि वर गोलाईचं काम असं सगळं एकावर एक रचलेलं आहे, जणू बाहेरूनच नाटकाला सुरुवात व्हावी. आत शिरल्यावर पुढच्या दालनावर घुमट लागतो. त्याचे आठ भाग केलेले आहेत आणि ते कवी, नाटककार, गायक अशा मंडळींना अर्पण केलेले आहेत.

दालनातली झुंबरं ससून कुटुंबाने दिलेली. डेव्हिड ससून यांच्या भायखळ्यातल्या ‘सॉं सूसी’ या बंगल्यावरून झुंबरांनाही तेच नाव पडलं. तो बंगला म्हणजे आजचं मसीना हॉस्पिटल. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पोचलात तर हा भाग सावकाश बघून घ्या. मध्यंतरात तिथे चहाला आणि सेल्फीला इतकी दाटी होते की मान वर करून उभं राहायलाही जागा उरत नाही.

आता प्रेक्षागृह. आराखडा घोड्याच्या नालेच्या आकाराचा: खाली बैठक, तिच्यावर एक सज्जा, त्याच्या वर दुसरा, आणि रंगमंचाच्या दोन्ही अंगांना खास मंडळींसाठीचे बॉक्स. एकूण आसनं ५७५. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात ९८९ आहेत, म्हणजे हे त्याच्या जेमतेम साठ टक्के. हा आकडा नीट लक्षात ठेवायला हवा, कारण इथल्या आवाजाचं गुपित आणि तिकिटाच्या दराचं दुखणं, दोन्ही त्यातून निघतात.

आधी आवाज. नाटकाला येणारा प्रेक्षक शब्द ऐकायला येतो. शब्द स्वच्छ ऐकू यायचा तर घुमारा, म्हणजे आवाज थांबल्यावरही तो खोलीत रेंगाळण्याचा काळ, एका सेकंदाच्या आसपास असावा लागतो. त्याहून फार वाढला तर एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर चढते आणि ‘काय म्हणाला?’ अशी कुजबुज सुरू होते. सिंफनी वाद्यवृंदाला उलट जवळजवळ दोन सेकंदांचा घुमारा लागतो, नाहीतर व्हायोलिनं कोरडी वाटतात. ऑपेराची गरज या दोन्हींच्या मधली, साधारण सव्वा ते दीड सेकंदाची, कारण त्यात शब्दही हवा आणि स्वरही लांबायला हवा. नालेच्या आकाराची, सज्जे असलेली, मखमल आणि लाकूड वापरलेली थिएटरं नेमकी या मधल्या पट्ट्यात बसतात. सज्ज्यांच्या कठड्यांवरची उठावाची नक्षी डोळ्यांसाठी आहेच, पण तिचा दुसरा उपयोग जास्त मोठा आहे. सपाट भिंतीवर आपटलेला आवाज सरळ परत येतो आणि प्रतिध्वनी होतो. खाचाखोचा असलेल्या पृष्ठभागावर तोच आवाज बारीक बारीक होऊन चहूकडे विखुरतो. सिमेंटच्या गुळगुळीत भिंती आणि वर खोटं छत अशा आपल्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कित्येक सभागृहांत माइकशिवाय पाचव्या रांगेच्या पुढे काही पोचत नाही, त्याचं एक मोठं कारण हेच.

संगीत नाटकाचं गणितही याच पट्ट्यात बसणारं. पद गाताना शब्द ऐकू यायलाच हवा, आणि तान मोकळी फिरायलाही जागा हवी. बालगंधर्वांनी आणि दीनानाथ मंगेशकरांनी इथे प्रयोग केले, ही नुसती इतिहासातली नोंद म्हणून वाचून सोडून द्यायची गोष्ट नाही. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत साथीला ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि पुढे अहमदजान थिरकवांचा तबला. असा ताफा रंगमंचासमोर बसला की त्याच्यावरून गायकाचा आवाज वरच्या सज्ज्यापर्यंत न्यायचं काम गळ्याला आणि इमारतीला मिळून करावं लागे. हे थिएटर बांधणाऱ्यांच्या डोक्यात युरोपातला ऑपेरा होता, पण वाद्यवृंदासाठी ठेवलेली रंगमंचापुढची खोलगट जागा ऑर्गन-तबल्यालाही तितकीच सोयीची ठरते. वाद्यं प्रेक्षकांच्या नजरेच्या रेषेखाली जातात, नटाचा चेहरा झाकत नाहीत, आणि त्यांचा आवाज थेट अंगावर न येता वर उठून पसरतो.

पुढची गोष्ट सिनेमाची, आणि नुकसान कसं झालं हे नीट कळायचं तर ती थोडी तपशिलात पाहावी लागते. हे थिएटर ज्या गिरगावात आहे त्याच गिरगावात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये कोरोनेशनला लागला आणि ‘आलम आरा’ १९३१ मध्ये मॅजेस्टिकला. बोलपट आल्यावर नाटक कंपन्या एकामागून एक बुडाल्या, आणि १९३५ च्या सुमारास ऑपेरा हाऊसही आयडियल पिक्चर्सकडे जाऊन सिनेमागृह झालं. सिनेमाला लागणारी खोली आणि नाटकाला लागणारी खोली यांच्या गरजा परस्परांच्या उलट आहेत. पडदा सपाट असतो. बाजूच्या बॉक्समधून त्याच्याकडे पाहिलं की चित्र तिरकं होतं, माणसं काठीसारखी दिसतात, म्हणून बॉक्स निरुपयोगी. पडदा रुंद हवा म्हणून रंगमंचाची लाकडी चौकट आड येते. आवाज कर्ण्यातून येत असल्याने इमारतीने स्वतः बोलू नये अशीच अपेक्षा असते. म्हणून बॉक्स गेले, चौकट गेली, आणि तिसाच्या दशकात जे नवं समजलं जात होतं त्या आर्ट डेको वळणाची सजावट जुन्या बरोकवर चढली.

तरीही रंगमंच पुरता मेला नाही. पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या पृथ्वी थिएटर्सचे प्रयोग इथेच होत, बरेचसे सकाळी, कारण दुपारपासून पडदा सिनेमाचा. प्रयोग संपल्यावर पृथ्वीराज दाराशी झोळी पसरून उभे राहत आणि आपत्तिग्रस्तांसाठी मदत गोळा करत. १९५२ मध्ये गोंडलचे महाराज विक्रमसिंहजी यांनी ही वास्तू ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. सिनेमागृह म्हणून ती आणखी चार दशकं चालली. मग व्हिडिओ आला, केबल आली, एक पडद्याची थिएटरं ओस पडत गेली, आणि १९९३ मध्ये दारं बंद झाली ती तेवीस वर्षांसाठी.

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वापरात नसलेल्या जुन्या इमारतीचं छप्पर एकदा गळायला लागलं की पुढचा क्रम ठरलेला. पन्हळी पाल्याने तुंबतात, पाणी भिंतीच्या माथ्यातून आत उतरतं, सांध्यांत पिंपळ रुजतो, चुन्याचा गिलावा फुगून सुटतो. या काळातल्या बांधकामांत लोखंडी तुळया भिंतीत गाडलेल्या असतात. त्यांना गंज चढला की लोखंड फुगतं आणि आजूबाजूचा दगड-वीट आतून फोडतं. बाहेरून फक्त एक बारीक आडवी चीर दिसते. त्यात कुणी घाईने सिमेंट भरलं तर आणखीच वाईट. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं, आणि तुळई आणखी वेगाने गंजते. जुन्या नाट्यगृहांची जी ‘डागडुजी’ आपल्या गावोगावी चालते तिच्यात ही चूक हमखास सापडते.

इथे ती चूक झाली नाही, याचं श्रेय गोंडल कुटुंबाला आणि वास्तुसंवर्धनतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांना. मुंबई विद्यापीठाच्या कॉन्व्होकेशन हॉलचं कामही त्यांचंच. ऑपेरा हाऊसच्या कामाला २००८ च्या सुमारास सुरुवात झाली. २०१२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच या धोक्यातल्या वास्तूंच्या जागतिक यादीत ते आलं, ऑक्टोबर २०१६ मध्ये मामी चित्रपट महोत्सवाच्या निमित्ताने दारं पुन्हा उघडली आणि मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या ऑपेरा-गायिका, पॅट्रिशिया रोझारियो यांचं गाणं तिथे झालं. २०१७ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे केलेली निवड. सिनेमाच्या काळात गेलेले बॉक्स आणि चौकट जुन्या छायाचित्रांवरून आणि हाती लागलेल्या अवशेषांवरून पुन्हा घडवले गेले, म्हणजे १९३५ च्या थरापेक्षा १९११ च्या मूळ रूपाला झुकतं माप मिळालं.

या निवडीवर आक्षेप घेणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. गिरगाव, खेतवाडी, ताडदेवच्या तीन पिढ्यांनी हे थिएटर ओळखलं ते सिनेमागृह म्हणून. बॉक्समध्ये बसणारे गोरे अधिकारी आणि शेठ त्यांच्या आठवणीत नाहीत, आठवणीत आहे ती तिकिटाची रांग. संवर्धनशास्त्रातही इमारतीवर चढलेला प्रत्येक काळाचा थर पुरावा मानला जातो, नकोसा म्हणून खरवडून टाकायचा नसतो. असं असूनही निवड बरोबर झाली, असं माझं मत आहे, आणि कारण पूर्ण व्यवहाराचं आहे. चौकट नसेल तर झालर, विंगा आणि दर्शनी पडदा टांगायचा कशाला? बॉक्स नसतील तर बाजूच्या भिंती सपाट राहतात आणि वर सांगितलेलं आवाजाचं गणित कोसळतं. आर्ट डेको थर राखला असता तर एक देखणं सिनेमागृह हाती आलं असतं, पण एका पडद्याच्या सिनेमाला प्रेक्षक नाही. रंगमंचाला आहे. दालनात कुठेतरी त्या सिनेमाच्या काळाचं चांगलं, ठसठशीत दर्शन मात्र असायला हवं: पोस्टरं, तिकिटं, जुनी यंत्रं. ते इथे जितकं व्हायला हवं तितकं होत नाही, ही माझी खरी तक्रार.

आता तिकीट काढणाऱ्याने काय पाहावं. खालच्या बैठकीत पहिल्या दोन-तीन रांगा टाळाव्यात. रंगमंच उंच असतो, नटांचे पाय दिसत नाहीत आणि नृत्याचा कार्यक्रम असेल तर पैसे वायाच. मधल्या रांगांचा मधला भाग उत्तम. अगदी मागच्या रांगांवर सज्जा पुढे आलेला असतो. त्याखाली बसलं की दिसतं नीट, पण वरून येणारा परावर्तित आवाज अडतो आणि गाणं जरा कोंडल्यासारखं वाटतं. उंच नेपथ्याचा माथाही तिथून कापला जातो. दर एकच असेल तर या रांगांपेक्षा पहिल्या सज्ज्याची पुढची मधली रांग केव्हाही घ्यावी. गाणं ऐकायला संपूर्ण थिएटरातली ती सर्वांत चांगली जागा: डोळ्यांची पातळी रंगमंचाच्या किंचित वर, रचना पूर्ण दिसते, आणि आवाज सगळ्या बाजूंनी येतो.

बॉक्स दिसायला मोहक असतात, पण ते बघण्यापेक्षा दिसण्यासाठीच बांधले गेले होते. तिथून समोरची अर्धी बाजू उत्तम दिसते आणि आपल्या बाजूचा रंगमंचाचा मागचा कोपरा जातो. एकल गायनाला, सतारीच्या मैफलीला हे चालतं, कारण कलाकार मध्यभागी एकाच जागी असतो. तीन दरवाजे आणि दोन खोल्या अशा नेपथ्याच्या नाटकाला अजिबात चालत नाही. नृत्यालाही नाही. वरच्या सज्ज्याबद्दल नाहक गैरसमज आहे. तो उंच आणि चढा आहे, खाली पाहताना काहींना गरगरल्यासारखं होतं, आणि चेहऱ्यावरचे बारीक भाव वरून अर्धेच पोचतात. पण माइक न लावलेल्या गाण्याचा स्वर वर चांगला चढतो, आणि विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारं तिकीट बहुधा तिथलंच असतं. गुडघेदुखी असेल किंवा सोबत वयस्कर मंडळी असतील तर मात्र खालचंच काढा. नालेच्या आकाराच्या थिएटरात रांगा वळणाच्या असतात, पायऱ्या लहानमोठ्या होतात, अंधारात उतरताना पाय चुकतो. दिवे लागल्यावरच उठलेलं बरं.

तिकिटाच्या दराविषयी नाराजी कायम ऐकू येते. हिशेब मांडला तर ती पूर्ण न्याय्य वाटत नाही. ९८९ आसनांच्या नाट्यगृहात जितकी रक्कम जमते तितकीच ५७५ मध्ये जमवायची असेल, तर दर सरासरी पावणेदोनपट ठेवावा लागतो. त्यावर झुंबरं, लाकूडकाम, गिलावा, वातानुकूलन यांची देखभाल खासगी मालकाच्या खिशातून. पालिकेच्या नाट्यगृहासारखं सवलतीचं भाडं इथे कुणी देत नाही. तरीही एक गोष्ट सहज करता येण्यासारखी आहे: वरचा सज्जा कायमचा कमी दरात ठेवायचा आणि तो कार्यक्रमाच्या दिवशी खिडकीवर विकायचा. युरोपातली कित्येक ऑपेरागृहं अगदी कमी पैशांत उभ्याने ऐकायची सोय पिढ्यान्‌पिढ्या देत आली आहेत आणि त्यांचा उद्याचा श्रोता तिथेच तयार होतो. गिरगावातल्या चाळीतून चालत येऊ शकणारा मुलगा आत येऊ शकत नसेल तर थिएटर त्या वस्तीचं राहत नाही.

पोचायचं कसं, तर पश्चिम रेल्वेने चर्नी रोड. पूर्वेला बाहेर पडून उत्तरेकडे चालत गेलं की दहा मिनिटांच्या आत मामा परमानंद मार्गावर थिएटर दिसतं. ग्रँट रोडहूनही चालता येतं. गाडी घेऊन येण्याचा विचार सोडून द्यावा. पंचरत्न, प्रसाद चेंबर्स आणि आजूबाजूच्या इमारतींतला हिऱ्यांचा बराच व्यापार बांद्रा-कुर्ला संकुलात गेला असला, तरी ऑपेरा हाऊसच्या सिग्नलची संध्याकाळची कोंडी काही गेलेली नाही, आणि गाडी लावायला जागा शोधण्यात पहिला अर्धा तास हातचा जातो. साडेसातचा कार्यक्रम असेल तर सातला आत असावं. वळणाच्या अरुंद रांगांत उशिरा येणाऱ्या एकामुळे दहा जणांना उठावं लागतं. खाण्याची सोय आधीच करून घ्यावी. गिरगाव त्यासाठी कुणाला उपाशी पाठवत नाही: ठाकूरद्वारच्या ‘विनय’ची मिसळ आहे, चौपाटी तर हाकेच्या अंतरावर.

कार्यक्रम करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं, कारण इथे सर्वांत जास्त बिघडतं ते त्यांच्या हातून. पहिली चूक ध्वनिक्षेपणाची. हजार आसनांच्या हॉलसाठी लावतो तसे मोठे स्पीकर चौकटीच्या दोन्ही बाजूंना रचले जातात. त्यांचा झोत समोरच्या सज्ज्याच्या कठड्यावर आपटतो, खालच्यांना कर्कश आणि वरच्यांना धूसर ऐकू येतं. मग तक्रार येते, आवाज आणखी वाढवला जातो, आणि इमारतीचा जो गुण तोच शत्रू होऊन बसतो. इथे ध्वनिक्षेपणाचं काम मदतीपुरतंच ठेवावं. शास्त्रीय गायनाला तानपुरा आणि गळा यांच्यात समतोल राखण्याइतका हलका माइक पुरे. संवादप्रधान नाटक असेल आणि नट तालमीचे पक्के असतील तर माइक बंद ठेवून एक अंक तरी करून पाहावा. रंगमंचावरचे मॉनिटर, म्हणजे कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून लावलेले स्पीकर, जितके कमी तितकं चांगलं, कारण त्यांचाच आवाज मागून फिरून प्रेक्षकांत येतो.

दुसरी चूक: रिकाम्या थिएटरात आवाज तपासून तोच पक्का धरणं. माणसांचे कपडे आणि शरीरं आवाज शोषतात, विशेषतः वरच्या पट्टीतला. मखमली खुर्च्यांमुळे रिकाम्या आणि भरलेल्या घरातला फरक लाकडी बाकांच्या हॉलइतका मोठा पडत नाही, पण पडतो. दुपारी झळाळून वाटलेली सतार रात्री वरच्या पट्टीत मऊ झालेली असते. तपासणीच्या वेळी एकाने खाली मध्यभागी, एकाने सज्ज्याखालच्या शेवटच्या रांगेत आणि एकाने वरच्या सज्ज्यात बसून ऐकायचं, आणि पहिल्या दहा मिनिटांत पुन्हा जुळवून घ्यायचं. वातानुकूलनही तपासणीच्या वेळी चालू असलं पाहिजे. ते बंद ठेवून आवाज लावला की रात्री त्याच्या घोंघाटाखाली मंद्र सप्तक हरवतं.

तिसरी गोष्ट नेपथ्य आणि प्रकाशाची. व्यावसायिक मराठी नाटकाचा सेट शिवाजी मंदिर किंवा गडकरी रंगायतनच्या मापाने बांधलेला असतो आणि ट्रकमधून गावोगावी फिरतो. तो इथे तसाच्या तसा उभा राहील असं गृहीत धरू नये. आधी चौकटीची रुंदी आणि उंची, विंगांतली मोकळी जागा, रंगमंचाची खोली आणि माल आत घेण्याच्या दाराचं माप अशी चार मापं स्वतः टेपने घ्यावीत, मग फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या उभ्या चौकटी, कापायचे की वगळायचे ते ठरवावं. बाजूच्या बॉक्समधल्या प्रेक्षकाला विंगेतलं दिसतं, हे विसरलं की प्रॉम्प्टर आणि पाण्याची बाटली घेऊन उभा असलेला नट दोघेही नाटकात येतात. विंगा थोड्या तिरक्या लावाव्यात. समोरचा प्रकाश सज्ज्याच्या कठड्यावरून टाकला तर तो जवळजवळ सपाट पडतो, डोळ्यांखालची सावली जाते आणि मागच्या पडद्यावर मोठाल्या सावल्या नाचतात. उंचावरून आणि बाजूने जास्त, समोरून कमी, असा हिशेब ठेवावा. भिंतींना, कठड्यांना काहीही ठोकू, बांधू किंवा चिकटवू नये, हे वेगळं सांगायला नको. पण झेंडूच्या माळा चिकटपट्टीने लावायची आपली सवय मोठी दांडगी आहे, आणि रंगकामावरून ती पट्टी निघताना सोनेरी थर घेऊन निघते.

कुठला कार्यक्रम इथे घ्यावा, कुठला नको? पियानो, गायन, मोजक्या वाद्यांचं चेंबर संगीत, खयाल, ठुमरी, जॅझचा छोटा ताफा, दोन-चार पात्रांचं नाटक, अभिवाचन, सगळं उत्तम. ढोलताशा किंवा मोठा ड्रमसेट असलेला बँड नको. खोली लहान, खालचा घुमारा लगेच साचतो आणि शब्द बुडतात. फिल्मी गाण्यांचा वाद्यवृंद आणायचाच असेल तर ड्रमसमोर पारदर्शक पाट्या लावाव्यात आणि वाद्यांची संख्या निम्मी करावी.

राहता राहिलं संगीत नाटक. गिरगावातच, साहित्य संघ मंदिरात, ही परंपरा जपणारी मंडळी दशकानुदशकं काम करत आली आहेत. ऑपेरा हाऊस तिथून चालत जाण्याइतकं जवळ. नवीन वाद्यवृंदाची जुळवाजुळव न करता, ऑर्गन, तबला आणि एक व्हायोलिन एवढी साथ रंगमंचापुढच्या खोलगट जागेत बसवून, एकही माइक न लावता एक पूर्ण नाटक करणं या थिएटरात शक्य आहे. त्यासाठी चार गोष्टी लागतील. गायक नट वरच्या सज्ज्यापर्यंत पोचणाऱ्या पट्टीत गाणारे हवेत. ऑर्गनचं तोंड प्रेक्षकांकडे न ठेवता रंगमंचाकडे ठेवावं, म्हणजे नटाला सूर मिळतो आणि श्रोत्याला तो वरून परावर्तित होऊन ऐकू येतो. तबला मोकळा वाजतो, म्हणून त्याच्याखाली जाड सतरंजी घालावी. आणि वन्स मोअरला वेळ राखून ठेवावा, म्हणजे थिएटर भाड्याने घेताना नेहमीपेक्षा तासभर जास्त मागून घ्यावा.